पहिलं वाण

थोरला जावई हे पद तसं कायमस्वरूपी असतं. त्याला निवडणूक नसते, मुदत नसते, आणि धाकटा जावई कितीही उंच, देखणा आणि केसाळ निघाला तरी ज्येष्ठता यादीत तो खालीच राहतो. निदान निशांतचा तसा समज होता. तो समज तीन वर्षांपूर्वी, मागच्या अधिक महिन्यात, सासऱ्यांच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी सव्वाबारा वाजता मोडला.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून जेवू घालतात, जावयाला ओवाळतात आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. तेहतीसच का, हे निशांतनं कधी विचारलं नव्हतं. अनारसे आपल्या दिशेनं येत असताना माणसानं प्रश्न विचारू नयेत. तर त्या दिवशी दोन पाट मांडले होते, दोन्ही जावई बसले होते, आणि सासूबाई माई निरांजन घेऊन सरळ चालत आल्या त्या निशांतसमोरून पुढे, धाकट्या तेजसकडे.

"नवा जावई आहे, पहिलंच वर्ष," माई म्हणाल्या.

"हो, हो, बरोबर आहे," निशांत म्हणाला आणि हसला. त्या हसण्याचा फोटो त्याच्या बायकोनं, श्रुतीनं, अजून जपून ठेवलाय. त्यात तो नुकतीच दाढ काढून आल्यासारखा दिसतो.

तेव्हापासून निशांतला तेजसचं काहीही सहन होईनासं झालं. तेजसनं सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, बीपीचं मशीन आणलं. आता निशांतनंही आणलं होतं, वर्षभर आधी आणलं होतं. पण तेजसचं मशीन मराठीत बोलायचं. "आपला रक्तदाब सामान्य आहे," असं ते अशा काही मायेनं सांगायचं की अण्णा दिवसातून चारदा दंड पुढे करायचे. निशांतचं मशीन मुकं होतं. ते शोकेसमध्ये, बंद पडलेल्या घड्याळाशेजारी निवृत्त झालं. त्या मशीनकडे पाहिलं की निशांतचा रक्तदाब वाढायचा, आणि तो कोणत्या मशीनवर मोजावा हाही प्रश्नच होता.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. अधिक ज्येष्ठ. निशांतनं तो पंचांगात दोन वर्षं आधीच शोधून ठेवला होता. यंदा पहिलं वाण आपलं.

पण माईंचे गुडघे म्हणाले, यंदा स्वयंपाक नाही. अनारसे तेवढे त्या बसून तळणार होत्या. आणि त्याच सुमारास सोसायटीच्या सोडतीत अण्णांना बक्षीस लागलं: उलव्याच्या पुढे खाडीला भराव घालून उभं केलेलं 'चंद्रद्वीप' नावाचं थीम पार्क, त्यातल्या दोन भारी रेस्टॉरंटांची दोन कुपनं. एक 'सिंहासन'चं, एक 'पाताळ'चं. प्रत्येकी तीन माणसं. कुपनामागचा बारीक मजकूर अण्णांनी भिंग लावून चार वेळा वाचला. (अट वाचली की पाळावी लागते, म्हणून बाकीचे लोक वाचत नाहीत.) एका टेबलावर एकच कूपन. दोन कुपनं एकत्र चालणार नाहीत.

म्हणजे दोन जावई, दोन हॉटेलं, आणि सासरा एक.

दुसरा कुणी असता तर गडबडला असता. पण सुधीर अण्णांनी बेलापूरच्या सरकारी कचेरीत टेंडर शाखेत चौतीस वर्षं काढली होती. त्यांच्या घरात फ्रिजपासून फुलपुडीवाल्यापर्यंत काहीही तुलनात्मक तक्त्याशिवाय आलं नव्हतं. श्रुतीच्या लग्नाच्या वेळी तीन स्थळांचाही तक्ता झाला होता आणि त्यात निशांत 'सर्वांत कमी आक्षेपार्ह' ठरून मंजूर झाला होता. तो कागद अजून फाइलमध्ये आहे. निशांतला त्याचा अभिमान आहे. तेजसच्या वेळी स्थळ एकच होतं, धाकट्या लेकीनं, जाईनं, स्वतः आणलेलं. त्यामुळे तक्ता झालाच नाही. म्हणजे बघा, निशांतच्या मते तेजस हा विनानिविदा जावई होता.

रविवारी सकाळी अण्णांनी फॅमिली ग्रुपवर परिपत्रक टाकलं. अर्धं जेवण मी एका हॉटेलात घेईन, अर्धं दुसऱ्या. माई माझ्या उलट. दोन्हींचा तक्ता करीन. ज्या हॉटेलाला गुण जास्त, तिथे मी गोडाचा घास घेईन आणि तिथल्या जावयाला पहिलं वाण मिळेल. निर्णय दोन लखोटे पद्धतीनं. पहिला लखोटा हॉटेलाचा, दुसरा लखोटा शेवटी उघडण्यात येईल. कोणीही टेन्शन घेऊ नये.

निशांतनं घेतलं. चिठ्ठ्या टाकून त्याच्या वाट्याला 'सिंहासन' आलं तेव्हापासून आठ दिवस तो ऑफिसात बसून दोन्ही हॉटेलांबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचत होता. 'पाताळ'बद्दल एकानं लिहिलं होतं, "स्वर्ग!" 'सिंहासन'बद्दल एकानं लिहिलं होतं, "डाळ ठीक. राजा उद्धट."

"कोण राजा?" त्यानं श्रुतीला विचारलं.

"मला काय माहीत? तू जेवायला चाललायस की लढाईला?"

"तुला नाही कळायचं. तू मुलगी आहेस त्या घरची. तुझी पोस्ट पर्मनंट आहे."

तर सगळे सहा जण चंद्रद्वीपच्या गेटवर पोहोचले आणि पहिली माशी तिथेच शिंकली. माईंच्या पिशवीत ओवाळणीचं तबक, आईस्क्रीमचा एक जुना डबा आणि वर दोन स्टीलचे डबे होते. स्टीलच्या दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी, एकीवर 'निशांतराव' आणि दुसरीवर 'तेजसराव'. गेटवर ज्योतिबा नावाचे सिक्युरिटी गार्ड होते, पंचावन्नच्या आसपासचे, मिशा पांढऱ्या, टोपी दोन नंबर मोठी.

"भाईरचं खानं आत न्हाई चालत, माई."

"अहो, खाणं नाही हे, वाण आहे," माई म्हणाल्या.

ज्योतिबांनी झाकण उघडलं. आत खसखशीची, लालसर जाळीची चळत. त्यांनी लगेच झाकण लावलं, देवघराचं दार लावावं तसं. "अधिकातलं वाण. ठावं हाय मला. पन नियम हाय. हितं टेबलावर ठिवतो माज्या नजरंसमोर. मुंगी शिवायची न्हाई. जाताना न्या."

अण्णांना हा माणूस फार आवडला. नियम माहीत असलेला आणि कारण माहीत असूनही तो पाळणारा माणूस त्यांना निवृत्तीनंतर भेटला नव्हता.

आणखी एक झालं. निरांजनासाठी आणलेली श्रुतीच्या पर्समधली काडेपेटीही ज्योतिबांनी काढून घेतली. ड्रॉवर उघडला तर आत जप्त केलेल्या लायटरांचा ढीग.

'सिंहासन' हा किल्ला होता. सिमेंटचा, पण प्रामाणिकपणे किल्ला. आत शिरताच दोन सेवकांनी निशांतला मखमली अंगरखा चढवला, पाठीमागे सात गाठी मारल्या आणि डोक्यावर मुकुट ठेवला. अण्णांनी मुकुट नाकारला आणि तक्त्यात काहीतरी लिहिलं. प्रत्येक पदार्थ येताना तुतारी वाजायची. पापडाला वाजली तेव्हा निशांतला जरा बरं वाटलं. कोशिंबिरीलाही वाजली. पण तुतारी वाजली की अण्णा दचकत होते आणि दर दचकण्यानंतर लिहीत होते.

"अण्णा, डाळ बघा ना कशी आहे," निशांत म्हणाला, जणू ती त्यानं स्वतः परतली होती.

अण्णांनी डाळ चाखली. डोळे मिटले. उघडले. लिहिलं.

"किती दिले?"

"निशांतराव, छाननी चालू असताना बोलीदारानं समितीशी संपर्क साधायचा नसतो."

तेवढ्यात राजा आला. हा हॉटेलचाच माणूस, टेबलाटेबलावर फिरणारा. त्यानं निशांतकडे पाहून विचारलं, "प्रजाजनहो, कुठून आलात?"

"नेरूळ, सेक्टर सहा," निशांत म्हणाला.

"सहा? हं," राजा म्हणाला आणि पुढे गेला. त्या 'हं'वर अण्णांनी दोन ओळी लिहिल्या. राजा खरोखरच उद्धट होता.

मग अण्णांनी तोंड पुसलं, फाइल उचलली आणि 'पाताळ'कडे निघाले. मधे एक खोटा तलाव होता. त्याला वळसा घालून दोन झुकझुकगाड्या फिरत, एक इकडून, एक तिकडून. पण अण्णा पायी गेले. गाडीच्या अटींचा बोर्ड फार लांबलचक होता. थोड्या वेळानं तिकडून माई आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"काय गं आई, कसंय तिकडे?" श्रुतीनं विचारलं.

"अगं, डोक्यावर मासे!" माई म्हणाल्या. "छत काचेचं, वर सगळं पाणी. एवढा मोठा मासा गेला माझ्या पुरणपोळीवरून."

"पुरणपोळी आहे तिकडे?" निशांतचा घास हातातच राहिला.

"तुपाची धार जहाजातून धरतात. आणि वेटर किती गोड. आजी म्हणाला नाही, ताई म्हणाला."

निशांतनं स्वतःच्या ताटाकडे पाहिलं. त्यात शाही तुकडा होता. सकाळपर्यंत शाही तुकडा या पदार्थाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. आता तो त्याला आयुष्यात जे जे चुकलं त्याचा तुकडा वाटू लागला. त्यानं नॅपकिन पाहिला. नॅपकिनची घडी होडीसारखी होती.

"तिकडे नॅपकिनचं काय करतात?"

"हंस," माई म्हणाल्या.

त्याच क्षणी फोन वाजला. जाईनं ग्रुपवर फोटो टाकला होता. निळा उजेड, वर एक अवाढव्य मासा, खाली अण्णा, आणि अण्णा हसत होते. नुसते ओठ नाही. दात. निशांतनं फोटो मोठा करून दात मोजले. दहा वर्षांच्या जावईपणात त्याला इतके एकदम कधीच दिसले नव्हते. खरं म्हणजे अण्णा मूळचे मालवणचे, अधिक महिन्यामुळे पंधरा दिवस मासळी बंद, आणि डोक्यावरून सरंग्यासारखं काहीतरी पोहत गेलेलं. त्यांच्या हसण्यात तेजसचा काडीचा हात नव्हता. पण मत्सराला मासे दिसत नाहीत.

"मी जरा आलो," निशांत म्हणाला.

"कुठे चाललास? अण्णा गोडाला इकडे आले तर?" श्रुती म्हणाली.

"टॉयलेटला."

"अरे, अंगरखा!"

सात गाठी पाठीवर होत्या. त्या सोडायला सेवक लागत आणि सेवक तुतारी वाजवत होते. निशांत तसाच, मुकुटासकट, झुकझुकगाडीत बसला. लोखंडी दांडा मांडीवर खट्कन बसला. त्याला फक्त एकदा बघायचं होतं. पुरणपोळी खरंच किती पातळ आहे, हंसाची मान सरळ आहे का, आणि अण्णा अजून हसतायत का. एवढंच. मग परत.

गाडी तलावाच्या मध्यावर आली आणि थांबली. समोरून येणारी दुसरी गाडीही अगदी शेजारी थांबली. भोंग्यातून आवाज आला की दोन वाजताचा ड्रॅगन आता रूळ ओलांडेल, पंधरा मिनिटं कुणी उठू नये.

शेजारच्या गाडीत तेजस बसला होता. त्याच्या खांद्यावर चंदेरी खवल्यांची केप होती आणि कपाळावर गोताखोराचा चष्मा. यातही तो चांगला दिसत होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुठे, दादा?" तेजसनं विचारलं.

"टॉयलेटला. तू?"

"मी पण."

"तुमच्याकडे नाही?"

"आहे ना. पण तुमच्याकडचं चांगलंय म्हणे. संगमरवरी."

"हो," निशांत नकळत ताठ झाला. "नळ सिंहाच्या तोंडाचे आहेत."

तेजसनं चष्मा कपाळावर आणखी वर सरकवला. मग हळूच म्हणाला, "तुतारी खरंच प्रत्येक पदार्थाला वाजते?"

"पापडालासुद्धा."

"आमच्याकडे नुसते बुडबुडे वाजतात, यार," तेजस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात निशांतला एक ओळखीची जळकट चव लागली. दादा सोडून तो यार म्हणाला होता. "अण्णा आल्यापासून एकच बोलतायत, डाळ. सिंहासनची डाळ. मी म्हटलं, अण्णा, पोळी घ्या ना. तर म्हणाले, पोळी छान आहे, पण डाळ."

निशांतच्या पोटात दिवाळी झाली. "मग फोटोत हसत का होते?"

"मासे बघून. माझ्याकडे बघून कधी हसलेत?" तेजस म्हणाला. "तुमचं बरंय. तुमचा तक्ता तरी झालाय. माझी फाइलच नाही त्या घरात."

एवढ्यात ड्रॅगन आला. तीस फुटी, आतून कुणीतरी ढकलत असलेला, डरकाळ्या फोडत. आणि त्याच्या मानेखालून निशांतला पलीकडच्या काठावर अण्णा दिसले. फाइल बगलेत, रुमाल डोक्यावर. चालत चालत 'सिंहासन'च्या दाराशी पोहोचले. आत गेले. बाहेर आले. कागदावर काहीतरी लिहिलं.

"माझ्याकडे आले होते!" निशांत ओरडला. "अण्णा! इकडे! अण्णा!"

ड्रॅगननं डरकाळी फोडली. अण्णा वळले आणि 'पाताळ'कडे निघाले.

"आता माझ्याकडे!" तेजस दांडा हलवू लागला. दांडा हलला नाही. "अण्णा, इथे! वर बघा! अण्णा!"

अण्णा 'पाताळ'मध्ये शिरले. बाहेर आले. काहीतरी लिहिलं. मग क्षणभर उन्हात उभे राहून त्यांनी फोन काढला, कुणाशी तरी बोलले आणि गेटच्या दिशेनं चालू लागले. एक राजा आणि एक मासा आपापल्या गाडीत अडकून, हात हलवत, त्यांच्या पाठमोऱ्या रुमालाकडे बघत राहिले. आजूबाजूच्या पोरांना हा शोचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दांडे उघडल्यावर दोघं गेटपर्यंत धावले. मखमल पायात येत होती, मुकुट निशांतनं हातात घेतला होता. गेटशी पोहोचून दोघंही जागीच थांबले.

सिक्युरिटीच्या टेबलाशेजारी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत ज्योतिबा बसले होते. टोपी सरळ केलेली, हात मांडीवर, डोळे खाली. कपाळावर कुंकू. माई त्यांना ओवाळत होत्या. निरांजन जप्त केलेल्या लायटरनं पेटवलं होतं. श्रुती आणि जाई बाजूला उभ्या होत्या आणि जाई तोंडावर ओढणी धरून हसत होती. ज्योतिबांच्या मांडीवर डबा होता. डब्यावर चिकटपट्टी होती: 'निशांतराव'.

"अण्णा!" निशांतचा आवाज चिरकला. "हे काय?"

अण्णांनी फाइल उघडली. "पहिल्या लखोट्यात सिंहासन एका गुणानं पुढे होतं. डाळीमुळे. मी गोडाला तुमच्याकडेच आलो होतो, निशांतराव."

निशांतच्या हातातला मुकुट खाली पडला. तो प्लास्टिकचा होता, त्यामुळे आवाजही धड आला नाही.

"मग दुसरा लखोटा उघडला. त्यात निकष एकच होता." अण्णांनी कागद पुढे केला. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: जावई जागेवर आहे का? खाली 'सिंहासन: गैरहजर'. 'पाताळ: गैरहजर'. आणि शेवटी, वेगळ्या शाईत, 'गेट: हजर'.

"पण गेट स्पर्धेतच नव्हतं," तेजस म्हणाला.

"तरतूद आहे," अण्णा म्हणाले. "दोन्ही बोलीदार बाद झाले तर थेट नेमणूक करता येते."

"मी न्हाई म्हनत हुतो, साहेब," ज्योतिबा खाली बघतच म्हणाले. "माजं लगीन पळून जाऊन झालं. तीस वर्सं झाली. सासऱ्यानं मरंपतूर दारात उभं केलं न्हाई. धा अधिक म्हैनं गेलं. डब्याकडं बघत बसलो हुतो, तर साहेबांनी इचारलं, काय बघताय? मी आपलं सांगून बसलो."

माईंनी अक्षता टाकल्या. आपल्याला नेमकं काय वाटतंय हे निशांतला ठरवता येईना. माणसाची दया यावी तर डबा आपला. डब्याचा राग यावा तर माणूस असा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वयाच्या हिशेबानं आता थोरले जावई ज्योतिबा होते. आपण मधले.

"राहिला एक डबा," अण्णा म्हणाले. "आणि माईंनी फुटक्या अनारशांचा एक वेगळा आणलाय. त्यातले तुकडे जुळवून तेहतीस होतील. कुणाला काय, ते तुम्ही दोघं ठरवा. समिती थकली आहे."

निशांत तोंड उघडणार तोच तेजस एक पाऊल मागे झाला.

"अख्खे तुम्ही घ्या, दादा. तुम्ही मोठे."

माईंचे डोळे भरून आले. "बघा, किती समजूतदार!"

बस. एवढंच बाकी राहिलं होतं. केस याचे, मशीन याचं, पुरणपोळी याची, आणि आता मोठेपणाही यालाच? निशांतला एका क्षणात इतकी असूया वाटली की त्याच्या तोंडून सणसणीत उदारपणा बाहेर पडला.

"छे, छे! धाकट्याचा मान. अख्खे तू घे, तेजस. माझा आग्रह आहे."

"बरं," तेजस म्हणाला आणि लगेच खुर्चीत जाऊन बसला.

त्याला ओवाळलं. मग निशांतला. त्याच्या मांडीवर आईस्क्रीमचा जुना डबा आला, आत चुरा आणि तुकडे. आपण जगातले सर्वांत मूर्ख मधले जावई आहोत, अशी त्याची खात्री पटली होती. काहीतरी करायचं म्हणून त्यानं एक कड तोंडात टाकली.

कड कुरकुरली. कढईत थोडी जास्त राहून फुटलेली, तळाशी गूळ जळून साखरेच्या काचेसारखा झालेला, वर खसखस करपून खमंग. त्यानं दुसरी टाकली. मग तिसरी.

पलीकडे तेजस आपल्या अख्ख्या अनारशाला चावत होता. तो मऊ होता. तीन तास बंद डब्यात, जूनच्या दमट हवेत, चळतीत दबून बसलेला. तेजसचं चावणं हळूहळू थांबलं. त्याची नजर आईस्क्रीमच्या डब्यावर आली आणि तिथेच राहिली.

"दादा," तो म्हणाला, "तुमचे जास्त कुरकुरीत दिसतायत."

ज्योतिबांनीही मान वळवून पाहिलं.

निशांतनं फक्त डबा जरासा तिरका धरला, दोघांनाही नीट दिसेल असा, आणि चौथा तुकडा उचलला.